पावती कोणाच्या नावाने?

आपल्या घरांतून 'तमाशा' हा शब्द आजही शिवीसारखाच वापरला जातो. दोन जावांचे आवाज चढले की सासू म्हणते, "काय तमाशा मांडलाय गं?" शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगी लावणीवर नाचणार असे कळले की बापाच्या कपाळावर आठी पडते. त्या बापाचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्या आठीमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. परंतु तो इतिहास त्या बापाला तरी पुरता ठाऊक असतो का, आणि त्या पोरीला तो कोणी सांगितला आहे का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

म्हणून आज या सदरात एका नटीची हकीकत सांगणार आहे. तिचे नाव पवळाबाई. तबाजी भालेरावांची ही लेक, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची, म्हणून पवळाबाई हिवरगावकर. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येते. तिचा जन्म १८७० चा, मृत्यू १९३९ चा. जातीने महार. म्हणजे आपलीच. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. रसिकांनी तिला 'नामचंद पवळा' म्हटले. हे सगळे कोठे वाचायला मिळते? बहुधा पठ्ठे बापूरावांच्या चरित्रात. शाहिरांची थोरवी सांगताना मध्येच चार ओळी येतात, त्यांत तिच्या रूपाचे, तिच्या गोऱ्या रंगाचे वर्णन येते, आणि लेखक पुन्हा शाहिरांकडे वळतो. बाई म्हणजे जणू चरित्रनायकाच्या आयुष्यातील एक प्रकरण!

आता ती तमाशात कशी आली ते पाहू. तिच्या घरच्यांनी तिला खंडोबाला वाहिले होते. ती मुरळी होती. आपल्या तरुण वाचकांना मुरळी म्हणजे काय हे कदाचित सांगावे लागेल, आणि सांगावे लागते हा आपल्या चळवळीचा विजयच आहे. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरातले आजारपण हटत नाही, म्हणून आईबाप जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलत. पहिली मुलगी तुला वाहीन म्हणत. मग कोवळ्या पोरीचे लग्न देवाशी लागे. अंगावर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात घोळ. त्या दिवसापासून माणसाशी लग्न करण्याचा तिचा हक्क संपला. ती वाघ्याबरोबर जागरणात गाई, नाचे, आणि गावातल्या पैसेवाल्यांची नजर तिच्यावर पडे. देवाची बायको म्हणून जिला कोणाची बायको होता येत नाही, तिच्यावर गावाचा हक्क! ब्राह्मणाच्या किंवा पाटलाच्या घरची मुरळी आपण ऐकली आहे का? नवस बोलायला सगळ्या जाती, पण आयुष्यभर नाचायला मुली मात्र बहुतेक आमच्याच.

तरी जागरणातल्या त्या गाण्यानेच तिचा गळा तयार झाला. तमाशात तोवर बायका नव्हत्या. बाईचे काम 'नाच्या पोऱ्या' करी. कोवळ्या वयाच्या मुलाला लुगडे नेसवून, पायात चाळ बांधून उभे करीत. शाहीर, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्याचा झीलकरी आणि सोंगाड्या, सगळे पुरुष. १८६५ च्या सुमारास 'मोहना-बटाव' हा पहिला वग उभा राहिला. तो करणारे उमा-बाबू सावळजकर हे मातंग समाजातले. त्या वगातली मोहनासुद्धा पुरुषच. अशा बोर्डावर खरीखुरी बाई येऊन उभी राहिली, तिने तोंड उघडले, आणि खेळाचा रंगच पालटला. थोड्याच वर्षांत बाईशिवाय फड म्हणजे मिठाशिवाय भाकरी असे होऊन बसले.

या ठिकाणी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना १ जुलै १९३३ ही तारीख मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या दिवशी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात कुलीन घरच्या स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. ज्योत्स्ना भोळे त्या नाटकात होत्या. पाऊल धाडसाचे होते यात शंका नाही. त्याआधी बालगंधर्वांसारखे पुरुष नट शालू नेसून रंगभूमी गाजवत होते. पण पवळाबाई त्या तारखेच्या कितीतरी वर्षे आधी हजारो माणसांसमोर उभी होती! कलावंतीण घराण्यांतल्या स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही त्याआधी होत्या. त्यांना कोणी मन्वंतर म्हटले नाही. कुलीन घरची बाई रंगभूमीवर आली की ती क्रांती, आणि महारवाड्यातली आली की तो नुसता नाच. इतिहासाची ही दुहेरी वही आपण ओळखली पाहिजे.

नाच म्हटले की लोकांना कंबर दिसते. कामाचा विचार कोणी करत नाही. तमाशाचा खेळ रात्री उशिरा उभा राही आणि उजाडेपर्यंत चाले. आधी गण, मग गवळण. गवळणीत ती मथुरेच्या बाजाराला निघालेली राधा. वाट अडवणाऱ्या कृष्णाला, पेंद्याला, सोंगाड्याच्या चावट कोट्यांना तिने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. एक उत्तर चुकले की हजार माणसे हसणार, आणि तीही तिला. मग बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग. वगाची गोष्ट आणि गाणी तेवढी ठरलेली असत. संवाद लिहिलेले नसत. जे काही बोलायचे ते अंगचे. आजच्या नटाच्या हातात महिनाभर आधी नाटकाची वही पडते, तालमी होतात. या बाईच्या हाती कागद आला असता तरी तिला तो वाचायला कोणी शिकवले होते? तिने राणी व्हायचे, रडायचे, राजाला चार शब्द सुनवायचे, ते सगळे स्वतःच्या बुद्धीने. तेही लाऊडस्पीकर नसताना. ढोलकी आणि हलगीच्या कडकडाटावर चढून शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत गळा पोहोचवायचा. आणि सकाळी बैलगाडीतून पुढची जत्रा. याला श्रम म्हणायचे नाही तर कशाला?

आता पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ चा, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी. घरात कुलकर्णीपणाचे वतन. पोरवयातच तमाशाच्या नादी लागले आणि महार-मांगांच्या फडात जाऊन उभे राहिले. भाऊबंदांनी वाळीत टाकले. त्यांनीही ब्राह्मण्य सोडल्याचे उघड सांगितले. माणूस प्रतिभेचा होता, नाकारून चालणार नाही. त्यांची मुंबईची लावणी आजही लोक आठवणीने म्हणतात. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरला राजर्षी शाहू छत्रपतींपुढे त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला. अशा या शाहिराच्या फडात पवळाबाई आली. बापूरावांची गाठ पडण्यापूर्वीच ती फडावर नाव मिळवलेली बाई होती, हे विसरले जाते. दोघांची जोडी जमली, दोघे एकत्र राहिले, आणि मुंबईच्या पिला हाऊसपासून खेड्यातल्या यात्रेपर्यंत बापूराव-पवळा हे नाव दुमदुमू लागले. गिरणीतला कामगार पगार झाला की या फडाचे तिकीट काढी.

बापूरावांनी ब्राह्मण्य टाकले, वतन टाकले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मीही करतो. पण त्याग करायला आधी हातात काही असावे लागते. त्यांच्याकडे सोडण्यासाठी वतन होते. पवळाबाईकडे काय होते? महाराचे वतन म्हणजे येसकराची काठी, मेलेले ढोर आणि शिळी भाकरी. ते वतन सोडायला पुढे बाबासाहेबांना झगडावे लागले. एकच बोर्ड, एकच ढोलकी. त्यावर उतरून आलेला तो त्यागी शाहीर, आणि त्याच बोर्डावर गावाने ढकललेली ती नाचीण. एकाच कामाची ही दोन मोजमापे.

आणखी एक बारीक गोष्ट. शाहिराच्या लावणीत शेवटी त्याची नाममुद्रा येते. बापूरावांच्या शेकडो लावण्यांत त्यांचे नाव कायमचे गुंफलेले आहे. त्या लावण्या बाईच्या तोंडच्या. तिच्या विरहाच्या, तिच्या हट्टाच्या, तिच्या शृंगाराच्या. गाणारी ती, लोकांच्या काळजात ती लावणी रुजवणारी ती, पण शेवटी नाव त्यांचे. रोज रात्री ती स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याच्या नावाची पावती फाडत होती!

पावती हा शब्द मी सहज वापरलेला नाही. माझे निम्मे आयुष्य कॅशबुक आणि व्हाउचर यांत गेले. कोणी कोणाला किती दिले, यापेक्षा ते कोणाच्या नावावर जमा झाले, याकडे माझे लक्ष आधी जाते. म्हणून १९२७ सालच्या त्या प्रसंगाकडे मी याच नजरेने पाहतो.

प्रसंग आपल्या चळवळीत पुष्कळांना ऐकून माहीत आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी निधी जमत होता. बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी तेव्हा परळला दामोदर हॉलच्या इमारतीत होती. पैशाची चणचण इतकी की आण्या-दोन आण्यांच्या वर्गणीवर कामे चालत. अशा वेळी पठ्ठे बापूरावांनी बाबासाहेबांपुढे मदत ठेवली. तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला द्यायचे. रक्कम लहान झाली नसती. मुंबईत त्यांच्या खेळाला गर्दी लोटत होती. आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आपल्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा या कामाला नको, असा त्यांचा निरोप होता.

लहानपणी मी हा प्रसंग ऐकला तो बाबासाहेबांच्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून. तशी ती आहेच. चवदार तळ्याचे पाणी माणुसकीच्या हक्कासाठी प्यायचे होते. पाण्याचा हक्क मागायला जाताना तो खर्च जर आपल्याच बहिणीच्या अंगावर शिट्ट्या मारून फेकलेल्या दौलतजाद्यातून निघाला असता, तर त्या हक्काला अर्थ काय राहिला असता? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कथलाचे, गिलटाचे दागिने का टाकावेत, मुलींना का शिकवावे हे त्यांनी सांगितले. ज्या खुणांवरून लोक तुम्हाला ओळखून खाली ढकलतात त्या खुणा टाका, असा त्याचा अर्थ. त्या भाषणाच्या शेजारी तमाशाची थैली ठेवून पाहा. दोन्ही एका जागी बसूच शकत नाहीत.

परंतु वय वाढले तसा मला या प्रसंगात दुसराही हिशोब दिसू लागला. समजा, ती थैली स्वीकारली असती. सत्याग्रहाच्या वहीत देणगीदार म्हणून कोणाचे नाव पडले असते? बापूरावांचे. थोर मनाचा ब्राह्मण शाहीर, अस्पृश्यांच्या लढ्याला भरघोस देणगी! तो पैसा मिळवताना रात्रभर कोणाचे पाय चाळ बांधून झिजले, हे कोठल्याच रकान्यात आले नसते. म्हणजे पैसा आमच्याच बाईच्या श्रमाचा, आणि आमच्यावर उपकार मात्र दुसऱ्याचे. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित. त्यांना हा हिशोब दिसला नसेल असे मला वाटत नाही. बायका 'नाचवून' मिळवलेला पैसा, यातला 'नाचवून' हा शब्द पाहा. नाचणारी कोण आणि नाचवणारा कोण, याचा निवाडा त्या एका शब्दात आहे. नकार नाचवणाऱ्याला होता.

आणि पवळाबाईला? या व्यवहारात तिचे मत कोणी विचारले? देणगी देण्याचे ठरले तेव्हा ती काय म्हणाली, नकार आल्यावर तिला काय वाटले, याचा एक शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. कदाचित तिला आनंद झाला असेल की कोणीतरी पहिल्यांदा आपले नाचणे हा अपमान आहे असे म्हटले. कदाचित तिला वाईटही वाटले असेल की आपल्या माणसांच्या लढ्याला आपला पैसासुद्धा चालत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतात. आमच्या घरातल्या बायकांना विचारा, त्या सांगतील.

मुरळीची वाट एकच नव्हती, हेही इथे सांगितले पाहिजे. पवळाबाई बापूरावांबरोबर गाजत होती त्याच वर्षांत पुण्याला शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालवत होते. १९०८ साली ते निघाले. मुरळ्या सोडण्याच्या चालीवर त्यांनी त्यातून कोरडे ओढले. ते वाचून शिवूबाई नावाच्या मुरळीने मासिकाला पत्र लिहिले. आपल्या आयुष्याची दुर्दशा सांगून आपणास संसार करायचा आहे असे तिने जाहीरपणे कळवले. १९०९ च्या सुमारास कांबळे यांच्याच एका कार्यकर्त्याने पुढे येऊन तिच्याशी लग्न केले. त्या काळात ही केवढी हिंमत! तिचीही आणि त्याचीही. दोघी मुरळ्या, दोघी एकाच पिढीतल्या. एकीला देवाने नव्हे, माणसाने हात दिला, तिचा संसार झाला आणि तिचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. दुसरीचे नाव उभ्या महाराष्ट्रात झाले, आणि संसार झाला नाही. यातली सुखी कोण हे ठरवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही.

पुढे जून १९३६ मध्ये बाबासाहेब त्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या-मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत बोलले. या पेशातील स्त्रिया सभेला आल्या होत्या. बाबासाहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की हे जिणे सोडा, इतर बायांसारखे लग्न करून संसार करा, त्यात गरिबी आली तरी सोसा. शब्द कठोर होते. पण लक्षात घ्या, ते त्यांच्या पाठीमागे बोलले नाहीत. त्यांना समोर बसवून, आपल्या समाजाच्या बहिणी म्हणून बोलले. जिच्या थैलीला नकार, तिलाच सभेत मानाने बोलावणे, या दोन गोष्टी बाबासाहेबांच्या ठिकाणी एकत्र होत्या. आमच्या ठिकाणी त्या एकत्र राहिल्या का?

इथे मला थोडे कडू बोलावे लागते. चळवळीने तमाशा सोडला आणि जलसा उभा केला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे म्हणजे आपल्या समाजाची चालती-बोलती शाळा होती. गणातला गणपती गेला, गवळण गेली, शृंगाराची लावणी गेली. त्या जागी शिक्षण, स्वच्छता, सावकारी आणि सत्याग्रह आला. ढोलकी तीच, गळे तेच, विषय नवा. पण बाईचे काम? ते पुन्हा पुरुषाने लुगडे नेसून करायचे! कारण समजण्यासारखे होते. आमच्या लेकीबाळी आता परक्यांसमोर नाचणार नाहीत, हा तर चळवळीचा शब्दच होता. तरीही परिणाम असा झाला की पवळाबाईने जे दार उघडले होते ते चांगल्या हेतूने का होईना, बंद झाले. जी बाई आधीच फडात होती, तिने तमाशा सोडून जायचे कोठे? जलशात तिला जागा नव्हती, वस्तीत तिला मान नव्हता, गावकुसाबाहेर शेत नव्हते. पेशा सोड असे सांगणारे पुष्कळ, पण कारकुनाची का होईना नोकरी, शिवणयंत्र, मुलांच्या शाळेची फी यांची सोय करणारे किती?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले. अलीकडे आपल्याच समाजातल्या प्रा. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातील दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी पवळाबाईला तिच्या स्वतःच्या नावाने मांडले आहे. २०२४ साली त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले पाहिजे होते. अभ्रू आणि अश्लीलता यांची वाटणी जात पाहून होते, असे त्यांचे म्हणणे मी माझ्या साध्या भाषेत सांगतो. काही जणांना ही चर्चाच नको वाटते. झाकली मूठ उघडू नये म्हणतात. मला तसे वाटत नाही. मूठ आपण झाकली म्हणून दुसऱ्यांनी धंदा करायचा थांबवला नाही.

पाहा ना. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी आणली आणि मग तो सुधारण्याच्या खटपटी केल्या. त्याच सुमारास, १९४७ साली, 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपट निघाला आणि धो धो चालला. पुढे १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा'. पडद्यावर तमाशा करणाऱ्या नट्या मोठ्या झाल्या, निर्माते श्रीमंत झाले, पांढरपेशी कुटुंबे पोराबाळांसह तिकीट काढून बसली. खरी तमासगीर बाई मात्र राहुटीतच. विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण ताजे आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातली ही लेक, जन्म १९३५ चा. राष्ट्रपतींच्या हातून तिचा सन्मान झाला. खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, अशी तिची हकीकत सगळा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो, पण कौतुकाने नव्हे. बाळंतिणीला एका रात्रीची रजा मिळू नये, हे कौतुक कसले? २००२ साली ती गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलाची चिंता होती. आता तिच्या नावाने राज्य सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते.

पवळाबाईचे शेवट तरी काय झाले? बापूराव आणि ती पुढे वेगळे झाले. फड फुटले, दिवस पालटले, बोलपटांनी प्रेक्षक नेला. १९३९ साली ती गेली. तिच्यानंतर सहा वर्षांनी, १९४५ साली, बापूरावही पुण्यात अत्यंत हलाखीत गेले. जात सोडलेल्या शाहिराला अखेरीस त्याच्या जातीनेही विचारले नाही आणि त्याच्या रसिकांनीही. त्याचेही दुःख आहे. पण त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या, चरित्रे निघाली. पवळाबाईच्या आवाजाचे काय? तो त्या त्या रात्रीच विरून गेला.

गळा मात्र आपल्या वस्त्यांतून गेला नाही, एवढे मी पाहिले आहे. धर्मांतरानंतर आपण खंडोबा सोडला, मुरळी सोडली. तरी १४ एप्रिलच्या रात्री मैदानात जेव्हा बाई उभी राहून भीमगीत उचलते, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज कोठून आला, असे मनात येते. सुषमा देवी, वैशाली शिंदे गायल्या, आज कडूबाई खरात एकतारीवर गातात. पायात चाळ नाही, समोर दौलतजादा नाही. लोक टाळी वाजवतात आणि खाली बसून ऐकतात. बायका पोरांना मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत असतात.

संगमनेर, अकोले, जुन्नर, सिन्नर या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात जुनी माणसे असतील, ज्यांच्या आजीने किंवा पणजोबाने पवळाबाईला पाहिले असेल, तिचे गाणे, तिचे बोलणे, गावातला तिचा वावर याबद्दल काही सांगितले असेल. तसेच कोणाच्या घरात फडावर गेलेली एखादी आजी, आत्या असेल, जिचे नाव पाहुण्यांसमोर घेतले जात नाही. दोन ओळी का होईना लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. ज्यांना नाव छापून यायला नको असेल त्यांनी तसे कळवावे, नाव छापणार नाही. बाईचे मात्र तिच्या स्वतःच्या नावाने लिहा. अमक्याची बायको, तमक्याच्या फडातली, असे नको.